समाजमाध्यमांवरील कौटुंबिक गोपनीयता

समाजमाध्यमांवरील कौटुंबिक गोपनीयता म्हणजे कुटुंबाची छायाचित्रे, चित्रफिती व वैयक्तिक माहिती कोणास दिसावी, कोणाकडे पोहोचावी आणि किती काळ राहावी, हे ठरविण्याची व्यवस्था होय. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब व स्नॅपचॅट यांत त्यासाठी निरनिराळी नियंत्रणे आहेत. बारसे, मुंज वा लग्न अशा प्रसंगांच्या एकाच छायाचित्रात अनेक व्यक्ती असतात. ते प्रसृत करण्याचा निर्णय मात्र बहुधा एकच व्यक्ती घेते. त्या निर्णयास संमती वा नकार देण्याचे वय नसलेली लहान मुले हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग आहे.

सेवानिहाय तुलना

फेसबुक : येथे प्रत्येक नोंदीचा प्रेक्षकवर्ग स्वतंत्रपणे निवडता येतो. ‘सार्वजनिक’, ‘मित्र’, काही जणांना वगळून उर्वरित मित्र, निवडक मित्र व ‘फक्त मी’ असे त्याचे प्रमुख पर्याय आहेत. जुन्या सार्वजनिक नोंदी एकाच वेळी मित्रांपुरत्या मर्यादित करण्याची सोयही आहे. मात्र मित्रांपुरत्या नोंदीत एखाद्यास टॅग केल्यास ती त्या व्यक्तीच्या मित्रांनाही दिसू शकते. इतरांनी केलेले टॅग तपासून मगच स्वतःच्या पानावर येऊ देता येतात; परंतु मूळ नोंद तिच्या जागी कायम राहते. भारतात २०२० पासून संपूर्ण प्रोफाइल कुलूपबंद करण्याचा पर्याय उपलब्ध आहे.

इन्स्टाग्राम : येथील मुख्य नियंत्रण खात्याच्या पातळीवर आहे. खाते खाजगी केल्यास मान्यता दिलेल्या अनुयायांनाच नोंदी दिसतात. नाव व प्रोफाइल-चित्र मात्र सर्वांना दिसते. २०१८ मध्ये आलेल्या ‘क्लोज फ्रेंड्स’ यादीमुळे स्टोरी निवडक व्यक्तींपुरती ठेवता येते.

व्हॉट्सॲप : २०१६ पासून येथील संभाषणास एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचे संरक्षण आहे; म्हणजे पाठविणारा व स्वीकारणारा यांच्यावाचून तो संदेश वाटेत कोणालाही, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाही. प्रोफाइल-चित्र व स्टेटस कोणास दिसावे हे ठरविता येते. आपल्याला गटात कोणी समाविष्ट करावे यावर २०१९ पासून मर्यादा घालता येते. गटातील सदस्यांना परस्परांचे दूरध्वनी क्रमांक दिसतात. २०२० पासून ठरावीक मुदतीनंतर नाहीसे होणारे संदेश व २०२१ पासून एकदाच पाहता येणारी छायाचित्रे पाठविता येतात.

यूट्यूब : चित्रफितीसाठी ‘सार्वजनिक’, ‘असूचीबद्ध’ व ‘खाजगी’ असे तीन पर्याय आहेत. यांतील दुसऱ्या पर्यायाविषयी गैरसमज होण्याचा संभव असतो. असूचीबद्ध चित्रफीत शोधात आढळत नाही. परंतु तिचा दुवा ज्याच्या हाती येईल तो ती पाहू शकतो आणि दुवा पुढेही पाठवू शकतो. खाजगी चित्रफीत केवळ निमंत्रितांना दिसते.

पालकांची देखरेख

या सर्व सेवांत मूल स्वतः खातेदार होण्यासाठी सामान्यतः किमान वय १३ वर्षे आहे. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये ‘किशोर खाती’ जाहीर केली. त्यांत १८ वर्षांखालील वापरकर्त्यांचे खाते मुळातच खाजगी ठेवले जाते आणि १६ वर्षांखालील मुलांना निर्बंध शिथिल करण्यासाठी पालकांची अनुमती लागते. स्नॅपचॅटच्या २०२२ मधील ‘फॅमिली सेंटर’मध्ये मूल अलीकडे कोणाशी बोलले हे पालकांना दिसते, संदेशांचा मजकूर दिसत नाही. लहान मुलांसाठी निवडक चित्रफिती दाखविणारे ‘यूट्यूब किड्स’ २०१५ मध्ये सुरू झाले.

कायदेशीर बाजू

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. मुलांचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांसही हा अधिनियम मनाई करतो. मात्र व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात मुलाच्या प्रतिमेच्या अधिकाराचे रक्षण ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी मानली असून, वय व समज यांनुसार मुलाला निर्णयात सहभागी करून घेण्याची तरतूद केली आहे.

मर्यादा

वरील बहुतेक नियंत्रणे प्रथम कोण पाहील एवढेच ठरवितात. पाहणारा पुढे काय करील हे ठरवीत नाहीत. स्क्रीनशॉट घेता येतो, दुसऱ्या फोनने पडद्याचे छायाचित्र काढता येते आणि व्हॉट्सॲपवरील चित्र प्राप्तकर्त्याच्या फोनमध्ये आपोआप साठू शकते. मूळ चित्र पुसले तरी अशा प्रती पुसल्या जात नाहीत. खाते खाजगी असले, तरी तेच चित्र एखाद्या नातेवाइकाने सार्वजनिक खात्यावर टाकल्यास पहिले बंधन निरर्थक होते. शाळेचा गणवेश, घराची पाटी वा वाहनाचा क्रमांक चित्रात असल्यास मजकुरात पत्ता न देताही ठावठिकाणा उघड होतो. म्हणून सेवेतील नियंत्रणांबरोबरच, मुलाचे छायाचित्र पुढे पाठविण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना आणि मूल जाणते असल्यास त्यालाही विचारण्याचा कुटुंबांतर्गत संकेत आवश्यक ठरतो.

हेही पहा

गोपनीयतेचा अधिकार
सायबर सुरक्षा
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००