थेट प्रक्षेपण आणि आधींच ठरलेलीं उत्तरें

गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत अमेरिकेंत टेलिव्हिजनवर ज्या प्रश्नमंजूषा होत असत, त्यांची आठवण आज सत्तर वर्षें लोटलीं तरी तेथील वृद्ध मंडळी मोठ्या ममतेनें काढतात. त्या काळीं ज्यांचा जन्महि झाला नव्हता असे तरुणसुद्धां त्यांच्या कृष्णधवल चित्रफिती इंटरनेटवर आवडीनें पाहतात. या ओढीचें कारण काय असावें? प्रश्नांत तर विशेष कांहीं नव्हतें. त्यांचीं उत्तरें कोणत्याहि ज्ञानकोशांत सांपडलीं असतीं. ओढ आहे ती त्या थेट प्रक्षेपणाच्या जिवंतपणाची. परंतु तो जिवंतपणा सर्वत्र सारखाच खरा नव्हता, हें त्या काळाचा इतिहास पाहिल्यावर ध्यानांत येतें. तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

त्या दशकाच्या आरंभीं चित्रें चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याची सोय नव्हती. त्या कामीं उपयोगी पडणारें पहिलें यंत्र अँपेक्स कंपनीनें १९५६ सालीं लोकांपुढें आणलें. तोंपर्यंत स्टुडिओंत जें घडे तें त्याच क्षणीं घरोघर दिसे, आणि दिसतांच नाहींसें होई. जपून ठेवावयाचेंच झालें तर टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून तें टिपून घेत. या पद्धतीस किनेस्कोप म्हणत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत तीन तासांचें अंतर असल्यामुळें पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांसाठीं अशी फिल्म घाईघाईनें धुवून कांहीं तासांनीं दाखवीत. बोलणाऱ्याची अडखळलेली जीभ, अवेळीं फुटलेलें हंसूं, हें सारें जसेंच्या तसें लोकांपुढें जाई. झांकावयास वेळच नसे.

या जिवंतपणाचें उत्तम उदाहरण म्हणजे सी. बी. एस.वरील ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम. तो २ फेब्रुवारी १९५० रोजीं सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजीं संपला. रविवारीं रात्रीं साडेदहा वाजतां जॉन डेली हे सूत्रधार म्हणून बसत. आर्लीन फ्रान्सिस, डोरोथी किल्गॅलन, बेनेट सर्फ यांसारखे परीक्षक समोरच्या पाहुण्याचा व्यवसाय ओळखीत. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच मिळे. प्रत्येक ‘नाहीं’बद्दल पाहुण्यास पांच डॉलर, आणि दहा वेळां ‘नाहीं’ आलें कीं पन्नास डॉलर देऊन खेळ संपे. पाहुणा प्रसिद्ध असल्यास परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधीत. १९५७ सालीं चित्रकार साल्वादोर दाली तेथें आले आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नास ‘होय’ म्हणूं लागले! परीक्षक गोंधळले आणि डेली यांस मध्यें पडून खुलासा करावा लागला. असा प्रसंग आधीं लिहून ठेवतां येत नाहीं.

पुढें बक्षिसांच्या रकमा वाढल्या. बक्षिसांचे असे कार्यक्रम म्हणजे लॉटरी नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला आणि वाट मोकळी झाली. रेडिओवर १९४० पासून चौसष्ट डॉलरांच्या प्रश्नाचा एक खेळ होता. त्याचेंच जून १९५५ मध्यें टेलिव्हिजनवर ‘६४,००० डॉलरांचा प्रश्न’ असें रूपांतर झालें. सौंदर्यप्रसाधनें विकणारी रेव्हलॉन कंपनी त्याची पुरस्कर्ती होती. लोकप्रियता जितकी अधिक तितका माल अधिक खपावयाचा. तेव्हां प्रेक्षकांस आवडलेला स्पर्धक टिकला पाहिजे आणि नावडता गेला पाहिजे, हा मोह येथेंच उत्पन्न झाला.

तो पराकोटीस गेला एन. बी. सी.च्या ‘ट्वेंटी-वन’ या स्पर्धेंत. दोन काचेच्या खोल्यांत दोन स्पर्धक उभे राहत. एकास दुसऱ्याचें बोलणें ऐकूं येत नसे. हर्बर्ट स्टेम्पेल हे कित्येक आठवडे जिंकत होते. प्रश्नोत्तरें त्यांना आधींच शिकविलेलीं असत. इतकेंच काय, कपाळावरचा घाम पुसावयाचा नाहीं, नुसता टिपावयाचा, हेंहि पढविलेलें होतें. ५ डिसेंबर १९५६ रोजीं त्यांना हरण्याची आज्ञा झाली. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर कोणास मिळालें, असा प्रश्न आला. उत्तर ‘मार्टी’, तो स्टेम्पेल यांचा अत्यंत आवडता चित्रपट. परंतु जाणूनबुजून त्यांना दुसरेंच नांव घ्यावें लागलें. कवि मार्क व्हॅन डोरन यांचे चिरंजीव चार्ल्स, कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक, विजयी झाले आणि १९५७ च्या मार्चपर्यंत सुमारें १,२९,००० डॉलर मिळवून देशाचे लाडके विद्वान ठरले.

१९५८ सालीं संशयाला तोंड फुटलें. जेम्स स्नॉडग्रास नांवाच्या स्पर्धकानें, आपणांस मिळालेलीं उत्तरें कार्यक्रमापूर्वींच लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालानें पाठविलीं होतीं. तीं मोहोरबंद पाकिटें पुढें चौकशींत फोडण्यांत आलीं, आणि टपालाच्या शिक्क्यांनीं काचेच्या खोलींतील नाटक उघडें पाडलें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं काँग्रेसच्या समितीपुढें व्हॅन डोरन यांनीं कबुली दिली. त्यांची अध्यापकी गेली. आश्चर्य असें कीं, अशी फसवणूक तोंवर कोणत्याच कायद्यानें गुन्हा नव्हती. तो कायदा १९६० सालीं झाला. आपल्या देशांत टेलिव्हिजनचा पहिला प्रयोग दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला, म्हणजे या कबुलीच्या अवघे सात आठवडे आधीं. मुंबईस तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आलें. एकीकडे या साधनाचें कौतुक नवें होतें, त्याच वेळीं दुसरीकडे त्याच्यावरील पहिला गाढ विश्वास मोडत होता.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ‘ट्वेंटी-वन’चें प्रक्षेपण थेटच होतें, स्पर्धा मात्र आधींच होऊन गेलेली होती. यंत्रानें खोटें सांगितलें नाहीं, खोटें सांगितलें तें माणसांनीं. म्हणून ‘पूर्वीं सारें थेट असे, आतां सारें फितीवर’ एवढ्यानें जुन्याचा थोरपणा सिद्ध होत नाहीं. कोट्यवधि लोक एकाच क्षणीं श्वास रोखून बसत, त्यांची उत्कंठा खरी होती. आणि ती खरी होती म्हणूनच तिची झालेली फसवणूक इतकी जिव्हारीं लागली. पुढें काय होणार हें पाहणाऱ्याप्रमाणें दाखविणाऱ्यासहि ठाऊक नसणें, हाच थेट प्रक्षेपणाचा आत्मा होय. मला तरी त्या झगझगीत काचेच्या खोल्यांपेक्षां, डोळ्यांवर पट्टी बांधून प्रांजळपणें चांचपडणाऱ्या परीक्षकांच्या त्या पन्नास डॉलरांच्या खेळाचीच आठवण जपून ठेवण्याजोगी वाटते.