जीपला इलेक्ट्रिक विंच बसवताय? निवड, फिटिंग आणि दोराची काळजी, वाचा सविस्तर

पावसाळ्यात शेतरस्त्याला किंवा ओढ्याच्या कडेला गाडी रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. म्हणून काही जण फोर बाय फोर जीपला पुढे इलेक्ट्रिक विंच बसवून घेतात. काम सोयीचं आहे. पण फिटिंग चुकलं तर गाडी तर निघत नाहीच, वर माणूस जखमी होतो. त्यासाठी ही माहिती.

किती ताकदीची घ्यावी?
आरसीवर गाडीचं भरलेलं वजन दिलेलं असतं. त्याच्या किमान दीडपट ओढ असलेली विंच लागते. समजा वजन २५०० किलो आहे, तर ३७५० किलो ओढ हवी. बाजारात विंच पौंडात विकतात. ९५०० पौंड म्हणजे साधारण ४३०० किलो. गाडी काळ्या मातीत चाकाच्या वरपर्यंत रुतली असेल तर ही ताकदसुद्धा कमी पडू शकते.

फिटिंग कुठे?
विंचचा सगळा जोर चासीवर गेला पाहिजे. नुसत्या बंपरला किंवा पत्र्याला बसवलेली विंच पहिल्याच ओढीला बंपर उपटून काढते. प्लेट जाड लोखंडी हवी. नट-बोल्ट कंपनीने सोबत दिलेले किंवा तेवढ्याच मजबुतीचेच वापरावेत. पहिल्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

समोर दोर बाहेर येतो तिथे वायररोप असेल तर रोलर आणि सिंथेटिक दोर असेल तर गुळगुळीत ॲल्युमिनियमचं तोंड बसवा. वायररोपने चरे पडलेल्या रोलरवर सिंथेटिक दोर चालवला तर तो कापला जातो.

बॅटरी आणि वायरिंग
हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब साधारण ५ अँपिअर करंट घेतो. एवढी मोठी विंच पूर्ण लोडवर ४०० अँपिअरच्या आसपास घेते. त्यामुळे फ्यूज बॉक्समधून कनेक्शन चालत नाही. विंचसोबत आलेली जाड केबल थेट बॅटरीला जोडा आणि मध्ये कट-ऑफ स्विच टाका. केबल सायलेन्सरला किंवा पत्र्याच्या धारेला घासत नाही ना, ते पाहा. ओढताना इंजिन चालू ठेवा. मिनिटभर ओढलं की थांबा, मोटरला हात लावून बघा. गरम लागली तर गार होऊ द्या.

दोर कसा गुंडाळायचा?
नवी विंच बसवली की बहुतेक जण इथेच घाई करतात. नवीन दोर ढिला गुंडाळलेला असेल तर लोड आल्यावर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि दोर खराब होतो. म्हणून दोर पूर्ण सोडा, पण ड्रमवर वायररोपचे किमान ५ आणि सिंथेटिकचे ८ ते १० वेढे राहू द्या. मग टोक मजबूत झाडाला पट्ट्याने बांधा. हलक्या चढावर, हँडब्रेक थोडा ओढून, गाडी विंचनेच हळूहळू पुढे घ्या. वेढे शेजारी-शेजारी, घट्ट बसतात.

ड्रम कोणत्या दिशेने फिरतो ते पुस्तिकेत बघा. दोर उलट्या बाजूने गुंडाळला तर बऱ्याच विंचमध्ये ब्रेक धरत नाही.

ड्रमवर दोराचे थर जितके जास्त, तितकी ओढ कमी. पहिल्या थरावर पूर्ण ताकद मिळते, वरच्या थरावर ती एक तृतीयांशापेक्षा जास्त घटू शकते. जोर कमी पडत असेल तर लांबचं झाड निवडा. नाहीतर पुली लावून दोर दुहेरी करा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो.

ओढताना हे पाळा
• चामड्याचे हातमोजे घाला. दोर हातातून सरकू देऊ नका.
• झाडाला रुंद पट्टा बांधा. दोर झाडाभोवती फिरवून त्याच दोरात हुक अडकवू नका.
• ताणलेल्या दोरावर ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका.
• ताणलेला दोर ओलांडू नका. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. तुटलेला वायररोप चाबकासारखा येतो.
• तार तुटलेला किंवा पिळा पडलेला दोर बदला.

विहिरीसाठी वापरू नका
जीपची विंच ही यारी नाही. ती जमिनीवर ओढण्यासाठी बनवलेली असते. तिचा ब्रेक माणूस किंवा गाळाची बादली लटकत ठेवण्यासाठी नाही. विहिरीत माणूस उतरवायला किंवा मोटर वर काढायला ती लावू नका. खाली उभ्या माणसाला पळायला जागा नसते.

आरटीओचं काय?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधनं आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्यास राज्यांना कळवलं होतं. विंचसाठी नवा लोखंडी बंपर बसवण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. खर्च झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.