शाळा सुटली, पुढं काय? न बांधलेल्या एका रस्त्याची गोष्ट

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. विशेष शाळेत होता तोवर रोज सकाळी आठला दप्तर लावून शाळेच्या गाडीची वाट बघत उभा असायचा. अठरा पूर्ण झाले, शाळा सुटली. आजही तो आठ वाजता दारात येऊन उभा राहतो. गाडी येत नाही. त्याची आई परवा म्हणाली, "शाळेनं शिकवलं हो सगळं. पण आता पाठवायचं कुठं?"

हा प्रश्न त्या माउलीचा एकटीचा नाही, आणि आजचाही नाही. सव्वाशे वर्षं तो आपल्याकडं पडून आहे. जरा लांबचं सांगतो, पण वाचा.

१९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड या बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंध शाळा ती हीच. पुढं देशभर अशा शाळा निघाल्या आणि मुलांच्या हाताला काम हवं म्हणून बहुतेक ठिकाणी एक ठरलेला धंदा शिकवला जाऊ लागला : वेताच्या खुर्च्या विणणं. त्या काळी ते बरोबरच होतं. कचेरी म्हणू नका, रेल्वे म्हणू नका, सगळीकडं वेताचीच खुर्ची. मग आली प्लॅस्टिकची खुर्ची. विणणारे हात तसेच राहिले, खुर्च्या गेल्या.

नंतर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आली. कान तयार, स्मरणशक्ती दांडगी, कित्येक अंध तरुणांचे संसार या नोकरीवर उभे राहिले. यंत्रं बदलली, ऑपरेटरच्या जागा आटल्या. मग एसटीडी-पीसीओ. चौकाचौकात अपंग बांधवांना बूथ मिळाले. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांनी तिथं रांगेत उभं राहून फोन लावलेत. मोबाइल आला आणि बूथ गेले.

तिन्ही वेळा एकच घडलं. 'या पोराला काय जमेल, काय आवडेल?' हे कुणी विचारलं नाही. 'अंध आहे ना, मग वेत. पाय नाहीत ना, मग बूथ.' अपंगत्वाच्या नावावर एक धंदा लिहून दिला. धंदा बुडाला की माणूस परत घरी.

सरकारनं काहीच केलं नाही असं मात्र नाही. अपंगांसाठी देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईतच उघडलं. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला व्यवसाय पुनर्वसन केंद्रं निघाली. तिथं नुसती नोंद होत नसे. मुलाला काय जमतं हे तपासायचं, शिकवायचं आणि मग काम शोधायचं, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम होती. पण गडहिंग्लजच्या किंवा गगनबावड्याच्या पोरानं मुंबईपर्यंत जायचं कसं?

१९७७ मध्ये केंद्र सरकारनं खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा ठेवल्या. १९९५ चा कायदा आला. त्यानं दोन मोठ्या गोष्टी केल्या : अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि सरकारी नोकरीत किमान ३ टक्के राखीव जागा. आता त्यातली मेख बघा. बौद्धिक अक्षमता या कायद्याच्या अपंगत्वाच्या यादीत होती, पण राखीव जागांत नव्हती. अंध, कर्णबधिर आणि हातापायानं अपंग, एवढ्यांनाच जागा. म्हणजे आमच्या गल्लीतल्या पोरासारख्यांना कायद्यानं शाळेचं दार दाखवलं आणि नोकरीचं दार भिंतीत बुजवलं. त्यांना वाटा मिळायला २०१६ चा कायदा यावा लागला. त्यात ७ चे २१ प्रकार झाले, आरक्षण ४ टक्के झालं आणि शेवटचा १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून वाटायचा ठरला. खासगी मालकावर सक्ती तेव्हाही नव्हती, आजही नाही.

म्हणजे एका टोकाला शाळा बांधली, दुसऱ्या टोकाला राखीव जागेची पाटी लावली. मधला रस्ता कुणी बांधलाच नाही.

तो रस्ता बांधून दाखवला आपल्या कोल्हापूरनं. नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचं अपंगत्व आलं. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाणांनी त्यांना धीर दिला. नसीमादीदी शिकल्या, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरीला लागल्या. त्यांनी 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात हे सगळं लिहिलंय. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली.

त्यांच्या कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. पोरगी शाळेत का जात नाही? कारण राहायला सोय नाही. म्हणून वसतिगृह. शाळेला पायऱ्या आहेत, म्हणून व्हीलचेअर जाईल अशी स्वतःची शाळा, आणि तिथं धडधाकट पोरंही शेजारी बसलेली. शाळा झाली, काम नाही, म्हणून व्हीलचेअर आणि कुबड्यांसारखी साधनं बनवणारं वर्कशॉप. पुढं सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात 'स्वप्ननगरी', काजू प्रक्रियेचं काम. ज्या भागात काजू पिकतो तिथंच काजूचं काम, दयेपोटी दिलेला उद्योग नव्हे. कुठं अडतंय ते आधी बघितलं आणि तिथंच फळी टाकली. रस्ता असाच तयार होतो.

पण एक संस्था किती पोरांना पुरणार? प्रत्येक तालुक्यात नसीमादीदी जन्माला येण्याची वाट बघायची का?

म्हणून हा लांबलचक इतिहास. आपल्या हातात काय आहे ते सांगतो. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदाचा किती जमला, कशावर गेला? त्यातून अठरा पूर्ण केलेल्या किती पोरांना काम शिकायला मिळालं? आणि शाळांना एक विनंती, सोळाव्या वर्षापासूनच पोराला आठवड्यातून एक दिवस बाहेर न्या. बेकरीत, प्रेसमध्ये, नर्सरीत, गॅरेजमध्ये. शिक्षकानं सुरुवातीला सोबत थांबावं, मालकाला समजावून सांगावं. अठराव्या वर्षी ओळख करून द्यायला गेलं तर उशीर झालेला असतो.

ज्यांचं दुकान, कारखाना, वर्कशॉप आहे त्यांना तर थेटच सांगतो. दान नको. एक टेबल, एक काम आणि कामाचा पगार द्या. सुरुवातीला वेळ लागेल. आपल्याला लागला नव्हता का?

आमच्या गल्लीतला पोरगा खोकी फार नीट रचतो. घरातलं सगळं सामान त्यानं एका रेषेत लावलंय. आणि सकाळी आठला तो तयार असतो, एक दिवस चुकत नाही. कुणाला असा माणूस हवा असेल तर मला कळवा.