बझर

बझर : (मिज प्यूपा). साचलेल्या पाण्यातील ट्राउट माशासाठी गळावर बांधली जाणारी कृत्रिम माशी. न चावणाऱ्या चिलटांच्या (गण द्विपंखी, कुल कायरोनोमिडी) कोशाची ही प्रतिकृती असून तिचा प्रत्येक भाग त्या कोशाच्या एकेका अवयवावरून घेतला आहे.

कीटक : मादी पाण्यात चिकट, पारदर्शक आवरणातील अंडीपुंज घालते. अळ्या तळच्या गाळात रेशमी नळ्या करून राहतात. कित्येक जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असल्याने त्या लाल दिसतात आणि कमी ऑक्सिजनच्या गाळातही तगतात. मत्स्यालय बाळगणारे त्यांना ब्लडवर्म म्हणतात. अळीपासून झालेला कोश पक्व झाला की त्याच्या त्वचेखाली वायू साठतो व तो संथपणे वर येतो. पृष्ठभागाखाली काही काळ लटकल्यावर कात फाटून चिलट बाहेर पडते. या चढणीत कोशाला निसटता येत नाही, त्यामुळे ट्राउट घाई न करता एकामागून एक कोश टिपतो.

बांधणी : कोशाचे उदर बाकदार असते, म्हणून वक्र दांड्याचा, बहुधा १० ते १६ क्रमांकाचा गळ घेतात. गळ चिमट्यात पकडून काळा, तपकिरी, हिरवा किंवा लाल धागा वाकापर्यंत गुंडाळतात. त्यावर समान अंतराने बारीक चंदेरी तार फिरवली की उदराची वलये दिसतात. डोळ्याजवळ धाग्याचे किंवा मोरपिसाच्या तंतूचे फुगीर वक्ष करतात. दोन्ही बाजूंना नारिंगी पट्ट्या म्हणजे उमलू पाहणारे पंख, तर पुढचा पांढऱ्या लोकरीचा आखूड झुपका म्हणजे श्वसनतंतू. शेवटी वार्निश किंवा अतिनील प्रकाशात घट्ट होणारे रेझिन लावतात. त्याने वायूभरल्या त्वचेची चकाकी येते, बांधणी टिकते व माशी लवकर बुडते. उदर जाड झाले तर प्रतिकृती फसते, म्हणून धाग्याचे वेढे मोजकेच देतात.

इतिहास व वापर : इंग्लंडमधील ब्लॅगडन जलाशय १९०४ मध्ये ट्राउट मासेमारीसाठी खुला झाला. तेथे डॉ. हॉवर्ड बेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पकडलेल्या माशांच्या पोटातील अन्न तपासून कोशाच्या प्रतिकृती बांधल्या. माशी अतिशय संथ ओढतात किंवा वाऱ्याबरोबर वाहू देतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या तळ्यांत ती तरंगकाखाली, तळापासून थोडी वर, जवळजवळ स्थिर टांगतात.

महाराष्ट्र : ट्राउटला थंड, ऑक्सिजनयुक्त पाणी लागते. भारतात तो काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी व मुन्नार अशा उंच प्रदेशांत आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या परिसरातील कुकडी प्रकल्पाचे जलाशय (माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व आंबेगाव तालुक्यातील डिंभे) त्याच्यासाठी उष्ण ठरतात. तेथील मासेमारी मुख्यत्वे जाळ्यांची असून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. कायरोनोमिड चिलटे मात्र उष्ण प्रदेशातही विपुल असतात.

येथील चिलटांच्या जाती वेगळ्या असू शकतात, त्यामुळे या भागात कोशाची माशी बांधून पाहायची तर इंग्लंड-कॅनडातील ठरीव रंग व मापे जशीच्या तशी घेण्यात अर्थ नाही. चिलटे बाहेर पडल्यावर वाऱ्याच्या दिशेच्या काठाला त्यांच्या रिकाम्या काती जमतात. त्या कातींवरून गळाचा क्रमांक ठरवता येतो. धाग्याचा रंग ठरवायला मात्र जिवंत कोशच पाहावा लागतो, कारण काती जवळजवळ रंगहीन असतात.