अहमदनगर जिल्हा रुग्णालय आग
अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात 6 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन भाऊबीजेच्या सकाळी, लागलेली आग. किमान 11 रुग्ण दगावले. शॉर्टसर्किट हे कारण असल्याचा प्राथमिक अंदाज होता. अशा विभागात व्हेंटिलेटर, मॉनिटर, एसी रात्रंदिवस चालतात. वायरिंग त्या भाराला पुरेसे नसेल तर तारा तापून आवरण वितळते, आणि हवेत प्राणवायू वाढलेला असला की ठिणगीही पुरते. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात रुग्णालयाच्या आगीत 10 अर्भके गेली होती. तरी यंत्रणा पुरेशी जागी झाली नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाला वा भोगवटादाराला दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते.