जपानी भयपटांतील प्रतिनिधित्व

जपानी भयपटांत समाजातील कोण दिसते, भुताचे रूप कोणाच्या वाट्याला येते आणि कोण पडद्याबाहेरच राहते, हा या नोंदीचा विषय. या चित्रपटांच्या केंद्रस्थानी बहुधा अन्याय सोसून मेलेली स्त्री असते. तिचे मोकळे केस आणि पांढरे वस्त्र एदो काळातील भूतचित्रांतून व काबुकी रंगभूमीवरून आले. त्सुरुया नानबोकु (चौथा) याच्या १८२५ मधील ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ नाटकातली ओइवा ही या परंपरेची मूळ स्त्री म्हणता येईल. याच नाटकावरील नाकागावा नोबुओ यांच्या १९५९ च्या चित्रपटात श्रीमंत घरी लग्न करता यावे म्हणून नवराच तिला विष पाजतो. तिचा विद्रूप चेहरा भीती उपजवतो, पण प्रेक्षकाचे मन तिच्याच बाजूने राहते. हीच या परंपरेची खरी ताकद आहे. तरीही विद्रूपता म्हणजे भय, हे समीकरण तिथेच पक्के झाले.

शिंदो कानेतो यांच्या ‘ओनीबाबा’ (१९६४) आणि ‘कुरोनेको’ (१९६८) या दोन्ही चित्रपटांत युद्धकाळात एकट्या पडलेल्या गरीब सासू-सुना आहेत. शिंदो हिरोशिमाचे. ‘ओनीबाबा’मधील मुखवट्याखालच्या सोललेल्या चेहऱ्याचा संबंध त्यांनी स्वतः अणुबॉम्बपीडितांशी जोडला होता.

नाकाता हिदेओ यांचा ‘रिंगु’ (१९९८) हे सर्वांत बोलके उदाहरण. सुझुकी कोजी यांच्या १९९१ च्या कादंबरीचा नायक पुरुष पत्रकार आहे. चित्रपटात तिथे मुलाला एकटीने वाढवणारी घटस्फोटित पत्रकार आली आणि कथेला वेगळीच खोली मिळाली. मात्र जिचे भूत या कथेत छळते ती सादाको कादंबरीत आंतरलिंगी आहे, ही गोष्ट चित्रपटाने वगळली. कादंबरीतही तो तपशील धक्का देण्यासाठीच येतो. म्हणजे एकाने वापरले, दुसऱ्याने पुसले. आंतरलिंगी माणसाला माणूस म्हणून जागा कोणीच दिली नाही.

नाकातांच्याच ‘होनोगुराइ मिझु नो सोको कारा’मध्ये (२००२) गळक्या इमारतीतल्या भुताइतकीच मुलीच्या ताब्याची लढाई छळते. रक्तरंजित कादंबऱ्यांची मुद्रिते तपासून ही आई कधीकाळी मनाने खचली होती. तेच आता तिच्याविरुद्ध वापरले जाते. जपानी कायदा तेव्हा घटस्फोटानंतर पालकत्व एकाकडेच देत असे. संयुक्त पालकत्वाची तरतूद २०२४ मध्ये संमत झाली. शिमिझु ताकाशी यांच्या ‘जु-ऑन’ मालिकेतली (२००० पासून) कायाको नवऱ्याच्या हातून मारली जाते. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा जपानमध्ये ही मालिका सुरू झाल्यानंतर, २००१ मध्ये झाला.

इतकी स्त्रीकेंद्री परंपरा असूनही नावाजलेले दिग्दर्शक जवळजवळ सगळे पुरुष. ओबायाशी नोबुहिको यांच्या ‘हाउसु’च्या (१९७७) कल्पना त्यांच्या लहान मुलीने, चिगुमीने, सुचवल्या, श्रेयनामावलीत तिचे नावही आहे. अशी उदाहरणे विरळा.

वांशिक व सामाजिक अल्पसंख्याकांबाबत चित्र आणखी रोडावते. कत्तल आणि चामड्याच्या कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या अपवित्र ठरवल्या गेलेल्या बुराकु समाजाची आठवण करून देणारे विद्रूप, हिंस्र गावकरी होन्दा इशिरो यांच्या ‘जूजिन युकि ओतोको’त (१९५५) आहेत. त्यामुळेच तोहो कंपनीने तो जपानमध्ये व्हिडिओवर आणला नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तो दडपण्यापेक्षा योग्य प्रस्तावनेसह दाखवणे अधिक प्रामाणिक ठरले असते. शिमिझु यांच्या ‘इनुनाकि मुरा’मध्ये (२०२०) धरणाखाली गेलेल्या बहिष्कृत गावाचे मृतात्मे येतात. इथे निदान त्या गावावर अन्याय झाला होता हे कथा मान्य करते. ऐनू, ओकिनावी किंवा जपानवासी कोरियन माणूस मात्र भयपटाच्या मध्यभागी क्वचितच दिसतो.