प्रवरेच्या उताराने

नदीशी माणसाची गाठ दोन रीतींनी पडते. एक म्हणजे नदी ओलांडणे. व्यापारी, सैन्ये, पालख्या आणि आताच्या मोटारी हेच करतात. त्यांच्या दृष्टीने नदी हा वाटेतला एक टप्पा असतो. दुसरी रीत नदीला धरून चालण्याची. नर्मदेची परिक्रमा करणारा तिला सतत उजव्या हाताला ठेवतो आणि मध्येच पलीकडे जात नाही. या दुसऱ्या रीतीत पोहोचण्याला फारसे महत्त्व नसते, सोबतीला असते. सायकलींच्या ज्या सामूहिक वार्षिक फेऱ्या नदीकाठाने निघतात, त्या आम्हांला या दुसऱ्या परंपरेच्या वाटतात, मग त्यांत भाग घेणाऱ्यांना तसे वाटो अगर न वाटो.

या प्रकारातले एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. ओहायो राज्यात सायोटो नदीच्या खोऱ्यातून १९६२ साली सायपल नावाचे बापलेक कोलंबसहून पोर्ट्समथपर्यंत सायकलने गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. दोन दिवसांत सुमारे दोनशे दहा मैल. पुढल्या वर्षी काही मित्र आले, त्याच्या पुढल्या वर्षी मित्रांचे मित्र, आणि दहाएक वर्षांत त्या फेरीला हजारो माणसे येऊ लागली. तिथे शर्यत नव्हती. दर वर्षी तीच नदी, तोच रस्ता आणि मागल्या वर्षीचीच बरीचशी माणसे, एवढेच तिचे आकर्षण होते. वारीची सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे सायकल वारीत शिरली ती अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात. नाशिकचे सायकलस्वार दर आषाढीच्या आधी अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, या वाटेने पंढरपूरला जातात. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखीही नगरवरूनच जाते. नाशिकहून नगरकडे जाणाऱ्या कोणालाही प्रवरा ओलांडावी लागते. पुलाखाली किती पाणी आहे हे क्षणभर पाहायचे आणि पुढे निघायचे, इतकीच ती ओळख. प्रवरेला धरून जाण्याचा प्रयत्न होतो तो तिच्या उगमाकडे, भंडारदऱ्याला. मुंबई, पुणे आणि नाशिकचे सायकलस्वार पावसाळ्यात येथे येतात आणि शेंडीहून निघून जलाशयाला वळसा घालतात. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला रतनगड, अलंग, कुलंगचे कडे. वाटेत रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर आणि घाटघरचा कोकणकडा. फेरी सुंदर आहे यात वाद नाही. पण ती पाण्याभोवती फिरते, पाण्याबरोबर जात नाही. म्हणून ती करून परतलेल्याला प्रवरा कळली असे आम्ही म्हणणार नाही. प्रवरा कळायची तर धरणाच्या भिंतीपासून पुढे, उताराने, सुमारे दोनशे किलोमीटर प्रवरासंगमापर्यंत जायला हवे.

आरंभ भिंतीपासूनच करू. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले आणि जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचे. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत तिच्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत उंच धरणांत मोजली जाई. तिच्यामागे अकरा अब्ज घनफूट, आजच्या बोलीत अकरा टीएमसी, पाणी साठते. १९६९ साली भिंतीला तडे गेले, तेव्हा पायथ्याशी भक्कम टेकू उभारून ती सावरावी लागली. आज शंभरीला आलेली ही भिंत केवळ ब्रिटिश कारागिरीवर उभी आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

ज्या वर्षांत ही भिंत चढत होती त्याच वर्षांत, १९२१ साली, पुणे जिल्ह्यात मुळशीचा सत्याग्रह झाला. मुळशीच्या पाण्याखाली काय गेले हे मराठी वाचकाला थोडेफार तरी ठाऊक असते, कारण त्या लढ्याला सेनापती बापटांसारखा नेता आणि पुण्यासारखे शेजारचे शहर लाभले. भंडारदऱ्याच्या पाण्याखाली काय गेले, हे विचारले तर आपण बहुतेक गप्प होतो. हा मुलूख महादेव कोळ्यांचा आणि ठाकरांचा. सावकारीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. धरण आले ते या आठवणी ताज्या असलेल्या डोंगरांत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण पुरे होऊन पन्नास वर्षे उलटल्यावर.

आता पाणी कोठे जाते ते पाहू. सह्याद्रीच्या या माथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागात पाचशे-सहाशे. धरण बांधले गेले ते या दुसऱ्या भागासाठी. भंडारदऱ्यातून सोडलेले पाणी थेट पाटात पडत नाही. ते नदीच्या पात्रातूनच अकोले आणि संगमनेर ओलांडून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथे डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. उन्हाळ्यात अकोल्याच्या पुलावर उभे राहून ‘नदी वाहते आहे’ असे म्हणणारा पाहुणा म्हणूनच निम्मेच खरे बोलतो. वाहत असते ते आवर्तन. ते कधी सुटेल, किती दिवस चालेल आणि कधी बंद होईल, हे बैठकीत ठरलेले असते. निसर्गाच्या ऋतुचक्राला शोभणारा हा शब्द आपल्या पाटबंधाऱ्याच्या भाषेने पाण्याच्या पाळीला दिला आहे. ओझरपर्यंतची प्रवरा उन्हाळ्यात नदीच्या वेषातला कालवाच असते.

ओझरच्या पुढे देश पालटतो. भाताची खाचरे आणि नागली-वरईचे उतार मागे पडतात व ऊस सुरू होतो. कालव्यांनी ऊस आणला आणि उसाने कारखाने आणले. पहिले कारखाने खासगी कंपन्यांचे होते. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे धुराडे पेटले. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला आणि पुढे राजकारणाला वळण लावणारी ही घटना प्रवरेच्या पाण्यावर घडली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या पाण्याचा उगम ज्या गावांत, तिथली अनेक कुटुंबे भात झोडून झाले की मजुरीसाठी याच बागायती भागाकडे उतरतात, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पाणी ज्या दिशेने गेले त्याच दिशेने मागोमाग माणसेही गेली.

या टापूत सायकल ही नवलाईची वस्तू कधीच नव्हती. मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ साली परतले, तेव्हा वृत्तपत्रांनी सायकलीला साहसाचे वाहन ठरवले. प्रवराकाठी ती कामाचे वाहन होती. पाटाच्या कडेने पाळीची चौकशी करत फिरणारा पाटकरी सायकलवर असे. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकावून पहाटे डेअरी गाठणारा सायकलवर असे. रात्रीची पाळी आली की खांद्यावर फावडे, हातात बॅटरी घेऊन दारे धरायला निघालेला शेतकरीही सायकलवरच असे. नदीला धरून जाणारी ती रोजची फेरी होती. तिला कोणी फेरी म्हणत नसे इतकेच. मोटारसायकल आली आणि ही सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. ॲटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना थांबवला तो ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी. आज या रस्त्यावर हेल्मेट घातलेला स्वार दिसला की गावकरी ‘कुठून आलात?’ असे विचारतात. सायकलवरचा माणूस बाहेरचाच असणार, हे त्या प्रश्नात गृहीत असते.

चाकाचा आणि या काठाचा संबंध मात्र याहून फार जुना आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले, आणि ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. तिथून उताराने खाली दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली झाडाचे खोड खणताना एका शेतकऱ्याला काशाच्या चार जड वस्तू सापडल्या. त्यांतली एक म्हणजे दोन बैल जोडलेला, दोन चाकांचा रथ आणि त्यावर उभा असलेला माणूस. या वस्तूंच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; पण प्रवरेच्या काठी कोणीतरी चाकांवर उभे राहून पुढे पाहत होते, एवढे निश्चित. त्याच्याही खाली नेवासे. तिथल्या एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, गीतेवरचे भाष्य सांगितले असे परंपरा मानते. मराठी गद्यपद्याचा विचार करणाऱ्याला हे गाव टाळता येत नाही, आणि तेही प्रवरेच्याच काठी आहे.

नेवाशापुढे थोड्याच अंतरावर प्रवरा गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पैठणच्या जायकवाडीत जाते. येथे उताराचा शेवट व्हावा. पण आजचा वाद येथूनच सुरू होतो. वरच्या धरणांनी किती पाणी अडवावे आणि मराठवाड्यासाठी किती सोडावे, हा प्रश्न २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर आणून ठेवला, आणि टंचाईच्या वर्षी, उदाहरणार्थ २०१८ आणि २०२३ मध्ये, नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीकडे पाणी सोडावे लागले. भंडारदऱ्याच्या खालच्या निळवंडे धरणाची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू. १९७० साली कल्पना पुढे आली, आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. कालव्याच्या आशेवर ज्यांनी शेती धरली त्यांची नातवंडे तेव्हा कर्ती झाली होती. अकोल्याचा माणूस संगमनेर-राहात्याकडे बोट दाखवतो, राहात्याचा माणूस पैठणकडे. आणि प्रत्येकाला आपल्या वरचा माणूस पाणी अडवणारा व खालचा पाणी पळवणारा वाटतो.

म्हणून नदीकाठची सायकलफेरी हा आम्हांला केवळ हौसेचा विषय वाटत नाही. मोटारीतून हा प्रवास अर्ध्या दिवसात उरकतो आणि काहीच दिसत नाही. पायी आठवडाभराहून अधिक लागेल, तितकी सवड आज थोड्यांना आहे. सायकलला दोन-तीन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी भाताचे खाचर पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी उसाच्या फडाशी थांबतो आणि तिसऱ्या दिवशी संगमावर पोहोचतो, तेव्हा पहिला दिवस त्याच्या पायांत शिल्लक असतो. तुलना करायला लागणारे अंतर तो आपल्या अंगावर मोजून आलेला असतो. समूहाने जाण्याचे कारणही असेच आहे: प्रश्न विचारायला एक जण थांबला की दहा जण थांबतात, आणि गावात दहा उत्तरे मिळतात.

आणि दर वर्षी का, तर प्रवरा दर वर्षी तीच नसते. ऑगस्टात भिंतीवरून पाणी कोसळताना पाहणाऱ्याने कधीतरी मे महिन्यात, आवर्तन सुटले असताना, शेंडीहून निघावे. पाण्याच्या बरोबरीने अकोल्याला यावे, ओझरला ते कोणत्या दारातून कोणाकडे वळते ते पाहावे, आणि पुढच्या कोरड्या पात्राच्या कडेने नेवासा गाठावा. वाटेत राजूरच्या अलीकडच्या एखाद्या वाडीवर पाणी मागावे. जलाशय डोळ्यांसमोर असताना तिथल्या बाईला ते हंड्यातून मोजून द्यावे लागते का, हे तेव्हा आपोआप कळेल.